घरचा हौद आणि पाण्याचा सामू

पोहण्याच्या तलावाला मराठीत अजून एक ठाम नाव मिळालेले नाही. महापालिकेच्या फलकावर तो 'जलतरण तलाव' असतो, पुण्यातील जुन्या पिढीच्या तोंडी 'टँक' असतो, जाहिरातींत 'स्विमिंग पूल' असतो, आणि मुळशी तालुक्यातील बंगल्यांची राखण करणाऱ्या माणसांच्या बोलण्यात नुसता 'पूल' असतो. मराठीत पूल म्हणजे पाणी ओलांडण्याची सोय. येथे तोच शब्द पाण्यात उतरण्याच्या सोयीला चिकटला आहे. आमच्या मते या वस्तूला सर्वांत जवळचा जुना शब्द 'हौद' हा आहे. आवारातला, बांधीव, मालकीचा, साठवलेल्या पाण्याचा हौद. हा शब्द वापरला की घरगुती तलाव ही अगदी नवी गोष्ट राहत नाही. पाण्याची मालकी आणि पाण्याची शुद्धता यांचा लांबचा इतिहास तिच्यामागे उभा राहतो. प्रस्तुत लेख त्या इतिहासाविषयी आहे. त्याची सुरुवात मात्र एका वासापासून झाली.

गेल्या मे महिन्यात आम्ही काही जण मुळशीच्या धरणालगत एका स्नेह्यांच्या बंगल्यावर उतरलो होतो. आदल्या रविवारी तेथे पाहुण्यांची गर्दी होऊन गेली होती. हौदाजवळ जाताच क्लोरिनचा उग्र वास आला आणि डोळे चुरचुरले. 'औषध जास्त झाले वाटते,' असे आमच्यापैकी एकाने म्हटले. तेथील राखणदार हसले. 'नाही सर, वास येतोय म्हणजे औषध कमी पडलंय.' मग त्यांनी आतून एक लहानशी डबी आणली. तिच्यात दोन काचनळ्या होत्या. दोन्हींत हौदाचे पाणी भरून त्यांनी निरनिराळ्या बाटल्यांतले थेंब टाकले. एक नळी फिकट पिवळी झाली, दुसरी गर्द गुलाबी. डबीवरच्या रंगपट्टीशी ताडून त्यांनी दोन आकडे सांगितले. दोन्ही चुकलेले होते. मग सहज म्हणाले, की गावच्या विहिरीत सकाळी टीसीएल टाकण्याचे कामही आपल्याकडेच आहे, तिथेही असाच पिवळा रंग बघायचा असतो.

वास येतो म्हणजे औषध कमी, हे विधान आम्हांला चमत्कारिक वाटले. शोध घेतल्यावर ते पूर्णपणे खरे निघाले. त्याचा अर्थ उलगडता उलगडता आम्ही मुळशीहून पुण्याला, तेथून महाडला आणि पुन्हा मुळशीला येऊन पोहोचलो.

१

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत चांगल्या पाण्यासाठी विशेषणांची वाण नाही. स्वच्छ, निर्मळ, नितळ, शुद्ध, पवित्र. व्यवहारात आपण ही सरमिसळ वापरतो, पण त्यांच्या अर्थांत मोठे अंतर आहे. नितळ पाणी डोळ्यांना दिसते. पवित्र पाणी श्रद्धेला कळते. शुद्ध हा शब्द मात्र दोन्हीकडे हात पसरून बसला आहे. गंगाजल शुद्ध असते आणि प्रयोगशाळेच्या अहवालातले पाणीही शुद्ध असते. या दोन शुद्धता एकच आहेत असे समजण्यातून किती घोळ झाला, हे पुढे येईलच.

'निवळणे' हे क्रियापद आपल्याकडे पाण्याला, आकाशाला आणि भांडणालाही लागते. त्याच्या शेजारी 'निवळी' हा शब्द आहे. निवळी म्हणजे कतक वृक्षाचे बी. गढूळ पाण्याच्या मडक्याला ते आतून घासले की त्यातील द्रव्ये मातीच्या कणांना एकमेकांशी चिकटवतात, कण जड होऊन तळाशी बसतात आणि वरचे पाणी नितळते. पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवण्याची रीत याच जातीची. आपल्या घरांतले पाणी शतकानुशतके असे निवळत आले. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या कतकाचा दृष्टान्त येतो. त्याचे फळ पाणी निवळणारे असले, तरी नुसते नाव घेतल्याने पाणी काही निवळत नाही, अशा आशयाचा. वाचकांनी हा दृष्टान्त लक्षात ठेवावा. महाडला आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

निवळीची मर्यादा उघड आहे. तिने गाळ बसतो, रोग सगळा जात नाही. पंढरपूरसारख्या यात्रांत पटकीची साथ पसरे तेव्हा चंद्रभागेचे पाणी लोकांना अशुद्ध वाटत नव्हते. साथ हा मरीआईचा कोप मानला जाई आणि तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ढकलला जाई. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखवला. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. दिसायला बरे असलेले, गावाने पवित्र मानलेले पाणीही माणूस मारू शकते, हे या दोन घटनांनी सिद्ध झाले. डोळ्यांची आणि श्रद्धेची साक्ष अपुरी ठरली. तिसऱ्या साक्षीदाराची गरज निर्माण झाली. तो साक्षीदार म्हणजे आकडा.

२

राखणदारांच्या डबीत असे दोन आकडे होते. पहिला क्लोरिनचा. कार्ल शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७४ साली हा वायू प्रथम वेगळा केला. १८१० साली हम्फ्री डेव्हीने तो मूलद्रव्य असल्याचे सांगून त्याच्या फिकट हिरवट पिवळ्या रंगावरून ग्रीक शब्दाच्या आधारे त्याचे नाव ठेवले. मधल्या काळात, १७९९ साली, ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने चुन्यात क्लोरिन मुरवून विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. त्याचा हेतू पाणी शुद्ध करणे हा नव्हता. कापड गिरण्यांना सूत पांढरे करायचे होते. आपल्या ग्रामपंचायतींत आज ज्याला टीसीएल म्हणतात ती पावडर या गिरणीच्या पावडरीचीच वंशज आहे. इंग्लंडमधील मेडस्टन येथे १८९७ साली विषमज्वराच्या साथीत आणि लिंकन येथे १९०५ साली अशाच साथीत पाण्याला क्लोरिन देण्यात आले; १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात ते कायमचे रुजले. अवघ्या सात वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला. त्यानंतर चारच दिवसांत आपली लाहोर डिव्हिजन त्याच रणांगणात याच विषाला सामोरी गेली. माणसे वाचवणारे आणि मारणारे द्रव्य एकच. फरक मात्रेचा आणि जागेचा.

दुसरा आकडा पीएचचा. मराठी कृषिसाहित्यात त्याला 'सामू' असा सुटसुटीत शब्द आहे. मातीपरीक्षणाच्या अहवालामुळे तो शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे, साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या मात्र फारसा नाही. डेन्मार्कच्या सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी मांडली. तीही पाण्यासाठी नव्हे. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग या बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते काम करीत. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. ही पट्टी साध्या गणिताची नाही. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, दोनाने उतरला की शंभरपट.

हे दोन आकडे एकमेकांवाचून निरर्थक आहेत. पाण्यात पडलेला क्लोरिन दोन रूपांत राहतो. एक रूप हायपोक्लोरस आम्लाचे. ते जंतूंच्या आवरणातून चटकन आत शिरते आणि त्यांना मारते. दुसरे रूप हायपोक्लोराइटचे. त्यावर विद्युतभार असल्यामुळे ते जंतूंपाशी कितीतरी पटींनी दुबळे ठरते. कोणते रूप किती, हे सामू ठरवतो. सामू साडेसातच्या आसपास असताना दोन्ही जवळजवळ निम्मेनिम्मे असतात. तो सातवर आला तर सुमारे तीन चतुर्थांश क्लोरिन कामाच्या रूपात असतो. आठवर गेला तर जेमतेम एक चतुर्थांश. म्हणजे क्लोरिनची नळी भरघोस पिवळी दिसत असतानाही सामू चढलेला असला, तर त्या पाण्यातील बहुतेक क्लोरिन नुसता हजेरीपटावर असतो, कामावर नसतो. उलट सामू फार उतरला तर पाणी डोळ्यांना झोंबते, फरशीच्या सांध्यांतील सिमेंट आणि पंपाचा धातू खाऊ लागते. म्हणून घरगुती हौदात मोकळा क्लोरिन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखावा असे सांगतात. माणसाच्या अश्रूंचा सामूही याच टप्प्यात येतो, हे कवींना कळले तर आवडेल.

३

मुळशीच्या हवेत हा समतोल राखणे सोपे नाही. उन्हाळ्यात उघड्या हौदातला क्लोरिन भर उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक उडून जातो. त्याला सावली म्हणून सायन्युरिक आम्ल वापरतात. बाजारात मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या वड्यांत ते मुळातच असते. पण क्लोरिन खर्च होतो आणि हे आम्ल पाण्यात साठत राहते. लिटरला तीस ते पन्नास मिलिग्रॅमपर्यंत ते राखणदार असते. फार साठले की क्लोरिनलाच जखडून ठेवते. त्यावर पाणी बदलण्यावाचून व्यवहार्य उपाय नाही. वड्यांनी सामू उतरतो, दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटने तो चढतो. बोअरचे आणि टँकरचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यात उन्हाळ्याच्या बाष्पीभवनाने रोज पाणी घटते आणि क्षार मागे राहतात, मग फरशीवर पांढरी पुटे चढतात.

पावसाळ्यात सारे उलटते. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पावसाचे पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी. त्याचा सामू साधारण ५.६ असतो. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद हौदात ३,२०० लिटर असे पाणी पडते. पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, विरळ होते. ती लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सामू कशानेही डळमळू लागतो. अशा वेळी स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा कामी येतो. आधी अल्कता, मग सामू आणि शेवटी क्लोरिन हा सुधारणेचा क्रम आहे. अनेक मालक नेमका उलट्या टोकाकडून आरंभ करतात आणि हिरव्या पडलेल्या पाण्यात औषधाची पोती ओततात.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून वरच्या हौदाची सरासरी खोली सव्वा मीटर धरू. त्यात ४०,००० लिटर पाणी मावते. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरिन वाढवायचा तर शुद्ध क्लोरिन लागतो फक्त ४० ग्रॅम. टीसीएलमध्ये सुमारे एक तृतीयांश क्लोरिन असतो, म्हणून ती साधारण १२० ग्रॅम लागेल. चहाच्या दोन कपांत मावणारी ही मात्रा. औषध थोडे असते, लक्ष मात्र रोजचे लागते. आणि एक सावधगिरी कधीही विसरू नये. सामू उतरवण्याचे आम्ल आणि क्लोरिनची पावडर एका बादलीत आली, तर ईप्रच्या खंदकांतला तोच वायू बंगल्याच्या पंपघरात तयार होतो. दोन जातींची क्लोरिनची औषधे एकमेकांत मिसळली तर आग लागू शकते. औषध नेहमी पाण्यात टाकावे, पाणी औषधावर ओतू नये.

आता त्या वासाचे कोडे. मोकळ्या क्लोरिनला, तो योग्य मात्रेत असताना, फारसा वास नसतो. पोहणाऱ्यांच्या अंगचा घाम, तेल, थुंकी आणि मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी संयोग होऊन तो क्लोरामाइन बनतो, आणि उग्र वास येतो तो या क्लोरामाइनचा. डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. थोडक्यात, आपण ज्याला क्लोरिनचा वास म्हणतो तो पाण्यात विरघळलेल्या माणसांचा वास असतो. तो घालवायला क्लोरिन वाढवावा लागतो, बांधलेल्या क्लोरिनच्या सुमारे दहापट, म्हणजे ही संयुगे मोडून पडतात. राखणदार म्हणत होते ते हेच.

४

माणसाच्या अंगाने पाणी बिघडते, हे आपल्या समाजाला नवे नाही. उलट, या एका कल्पनेभोवती आपण शतकानुशतके पाणवठे वाटून घेतले. फरक इतकाच की आपल्या मते सगळ्या अंगांनी ते बिघडत नसे, काही अंगांनीच बिघडत असे.

पुणे हे हौदांचे शहर होते. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून नळ बांधून पाणी शहरात आणले गेले आणि पेठापेठांतील हौदांत खेळवले गेले. हौद सार्वजनिक दिसे, पण सगळ्यांचा नसे. या शहरात १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आम्हांला या घटनेतला 'घरचा' हा शब्द फार मोलाचा वाटतो. सरकारी पाणवठा उघडा करा अशी मागणी करणे वेगळे, आणि आपल्या मालकीचे पाणी आपण उघडे करणे वेगळे. मालकीचा वापर पाणी अडवण्यासाठी करता येतो तसा ते मोकळे करण्यासाठीही करता येतो, हे फुल्यांनी दाखवले.

पुढचा अध्याय महाडचा. मुळशीहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठले की पुढे थोड्याच अंतरावर महाड लागते. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना त्या ठरावाने खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तोवर ते पाणी कागदावरच मोकळे होते. नंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांच्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवल्या गेल्या.

या विधीचा निषेध मानवी प्रतिष्ठेच्या भूमिकेवरून झाला आणि तोच मुख्य आहे. पण मुळशीच्या त्या डबीने आम्हांला त्याचा आणखी एक अर्थ दाखवला. दही, दूध, शेण आणि गोमूत्र ही चारही द्रव्ये सेंद्रिय आणि नत्रयुक्त आहेत. अशा १०८ घागरी एखाद्या घरगुती हौदात रिकाम्या केल्या, तर त्यातला सगळा मोकळा क्लोरिन पाहता पाहता संपेल, उग्र वास सुटेल आणि पिवळी व्हायची नळी रंगहीन राहील. एका शुद्धतेचा विधी दुसऱ्या शुद्धतेच्या मोजपट्टीवर घाण ठरतो. उलट, ज्यांच्या स्पर्शाने तळे बाटले असे म्हटले गेले, त्यांच्या ओंजळीने पाण्याच्या रसायनात जो फरक पडला तो इतर कोणाच्याही ओंजळीने पडला असता. क्लोरामाइनला जात कळत नाही. सर्वांच्या घामातला नत्र एकच.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. नुसत्या नामोच्चाराने पाणी निवळत नाही, हे ज्या ग्रंथात होते त्याच ग्रंथाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी मंत्रोच्चाराने तळे निवळवले होते! हा विरोधाभास त्यांच्या ध्यानात आला नसावा. बाबासाहेबांनी तर स्पष्टच केले होते, की या तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही. प्रश्न समतेचा पाया घालण्याचा होता. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा वादींनी हे तळे खासगी मालकीचे असल्याचाही दावा केला. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. शुद्धतेचा युक्तिवाद अपुरा पडू लागला की मालकीचा युक्तिवाद मदतीला बोलावला जातो, हे या खटल्यातून शिकण्यासारखे आहे.

५

महाडचे तळे पेटले त्याच १९२७ साली सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरू लागले. मुळशी धरणाची कथा मराठी वाचकांना नवी नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीने धरण घातले ते मुंबईला वीज पुरवण्यासाठी. मावळ्यांची पन्नासाहून अधिक गावे त्याच्या छायेत आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातच 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे यांनी त्यात भाग घेतला आणि त्याचा इतिहासही लिहिला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. पण जमिनींची मालकी बऱ्याच अंशी सावकारांकडे होती. त्यांना मोबदला पटला आणि कसणाऱ्यांच्या पायांखालची भूमी सरकली. १९२४ च्या अखेरीस बापटांना पकडून सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

या धरणाने पाण्याची दिशा बदलली. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेला, पुण्याकडे, पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाणारे. ते डोंगरातून पश्चिमेला वळवले गेले, कोकणात भिऱ्याला शेकडो मीटर खाली सोडले गेले आणि कुंडलिकेतून अरबी समुद्रात जाऊ लागले. काठावरच्या वाड्यावस्त्यांना मात्र उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागे. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण कोणत्या गावी जन्मली ते असो. मुळशीत ती शब्दशः लागू पडली.

गेल्या तीसेक वर्षांत या काठाला नवे मालक आले. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीची संगणक वसाहत, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचे जंगल, आणि मध्ये धरणाच्या नजरेत बसलेले बंगले. प्रत्येकाला आपले छोटे धरण हवे असते. हौद म्हणजे दुसरे काय? वाहते पाणी अडवायचे, त्याला चार भिंती घालायच्या आणि त्यावर मालकी सांगायची. वाहते पाणी स्वतःची निगा थोडीफार स्वतः राखते. खेड्यातल्या विहिरीत मासे आणि कासवे सोडत, आता आरोग्य खाते गप्पी मासे सोडते. तेथेही पाण्याच्या सोबतीला एक जिवंत व्यवस्था असते. फरशीच्या हौदात यांतले काही नसते. तेथे नदीचे, माशांचे आणि उन्हाचे काम माणसाला दोन आकडे वाचून करावे लागते. मालकीबरोबर ही जबाबदारी येते. तिचा विसर पडला की पाणी हिरवे होते, आणि मग बहुतेक जण सोपा मार्ग धरतात. पाणी सोडून देतात आणि टँकर मागवतात.

येथे आमच्या मते प्रश्न नीतीचा होतो. ४०,००० लिटरचा एक हौद म्हणजे दहा हजारांचे चार टँकर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे. त्या हिशेबाने एक हौद म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचे १४५ दिवसांचे पाणी. ज्याने आठवड्यातून दोनदा सामू पाहिला, वड्यांनी सायन्युरिक आम्ल किती साठले ते तपासले, पोहण्याआधी पाहुण्यांना अंघोळ करायला लावली, त्याच्या हौदातले पाणी वर्षानुवर्षे टिकते. ज्याने हे केले नाही त्याचे हौदभर पाणी ओढ्याला जाते. क्लोरिन आणि सामू यांचा समतोल ही श्रीमंतांची हौस सांभाळण्याची बाब वाटते; दुष्काळी मे महिन्यात ती शेजारच्या वाडीच्या हंड्याशी जोडलेली असते.

आणि ती वाडीही त्याच रसायनावर जगते. हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम टीसीएल, आधी बादलीत कालवून आणि चुना खाली बसू देऊन वरचे पाणी विहिरीत सोडायचे, तासाभराने ओटी तपासणी करून पिवळा रंग पाहायचा, आणि नळाच्या तोंडाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरला पाहिजे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणवठ्यांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. बंगल्यातली डबी आणि ग्रामपंचायतीतली नळी एकाच रंगाची भाषा बोलतात. रेणूच्या पातळीवर समता आलेली आहे. पाण्याच्या पातळीवर ती अजून यायची आहे.

६

आमच्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्यांना या इतिहासाने एक धडा दिला. 'शुद्ध' या शब्दाला कोणी आकडा मागितला नाही तोवर तो माणसांना दूर ठेवण्याच्या कामी आला. आकडा आल्यावर तो मोजता येऊ लागला, तपासता येऊ लागला, खोडून काढता येऊ लागला. अर्थात आकड्याने न्याय होतोच असे नाही. कोणाच्या हौदात किती पाणी असावे हे सामूची पट्टी सांगत नाही. तो प्रश्न फुल्यांच्या हौदापासून तसाच पुढे आलेला आहे.

त्या संध्याकाळी राखणदारांनी सामू उतरवण्याचे आम्ल पंप चालू ठेवून थोडेथोडे पाण्यात सोडले. सूर्य मावळल्यावर, ऊन औषध खाणार नाही अशा वेळी, क्लोरिनची मोठी मात्रा दिली आणि रात्रभर पंप चालू ठेवला. पहाटे आम्ही हौदाजवळ गेलो तेव्हा वास नव्हता. त्यांनी पुन्हा दोन नळ्या भरल्या. सामू आता ठीक होता, पण क्लोरिनची नळी गडद नारिंगी झाली होती. 'आज कोणी उतरू नका,' ते म्हणाले, 'उन्हानं उतरेल, उद्या पोहा.' डबी धुऊन फडताळात ठेवली, टीसीएलचा डबा सायकलला अडकवला आणि ते गावच्या विहिरीकडे निघून गेले.